लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचे पुंजके: आर-२ आधी वाढला, मग घटला. असे का?

गंजका खिळा यांनी विचारले:

नमस्कार. मी मूळचा रसायनशास्त्राचा. सध्या पीएच.डी.साठी मॅग्नेटाइटचे नॅनोकण आणि त्यांचे पुंजके तयार करतो आहे. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट म्हणून त्यांचा उपयोग व्हावा असा हेतू असल्यामुळे प्रत्येक नमुन्याची रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे तो पाण्यातल्या प्रोटॉनचे शिथिलीकरण किती वेगवान करतो ते, मोजावी लागते (टी-१, म्हणजे चुंबकन पूर्ववत होण्याचा काळ, त्यासाठी आर-१; टी-२, म्हणजे प्रोटॉनची एकलय विस्कटण्याचा काळ, त्यासाठी आर-२), आणि माझी गाडी नेमकी तिथेच अडली आहे.

आयर्न ओलिएटच्या औष्णिक विघटनाने मला सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे, बऱ्यापैकी एकसारखे कण मिळतात. त्यांतले काही मी सायट्रेटचे आवरण देऊन पाण्यात सुटे ठेवतो. उरलेले कण पॉलिमरसोबत सेंद्रिय द्रावकात घेतो, अल्ट्रासाउंडने पाण्यात त्यांचे इमल्शन करतो आणि मग द्रावक उडवून गोल पुंजके मिळवतो. ढवळण्याचा जोर आणि पॉलिमरचे प्रमाण बदलून दोन आकारांचे पुंजके केले आहेत. लहान पुंजके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ४५ आणि डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून पाण्यातला व्यास काढणारे तंत्र) ८५ नॅनोमीटरचे दिसतात. मोठे अनुक्रमे ४०० आणि ४८० नॅनोमीटरचे.

मोजमापे ६० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे १.४१ टेस्लाच्या, रिलॅक्सोमीटरवर २५ अंश सेल्सिअसला केली. टी-२ साठी नेहमीचा सीपीएमजी क्रम (१८० अंशांच्या स्पंदांनी ओळीने इको, म्हणजे परतून येणारे संकेत, मिळवणारा) वापरला आणि दोन इकोंमधले अंतर ०.३ मिलिसेकंद ठेवले. लिटरमागे एक मिलिमोल लोह असताना दर सेकंदाला किती, या एककात सुट्या कणांचा आर-१ १२ आणि आर-२ ८८ आला. लहान पुंजक्यांचा आर-१ २.५ पर्यंत उतरला आणि आर-२ मात्र २६८ झाला. येथपर्यंत मी खूश होतो, कारण पुंजके केले की आर-२ वाढतो असे सगळीकडे वाचले होते. मोठ्या पुंजक्यांचा आर-१ ०.४ इतका नगण्य निघाला, आणि आर-२ आणखी वाढण्याऐवजी १७० वर आला.

तिन्ही नमुन्यांत कण तेच, त्यांचे संपृक्त चुंबकन तेच (व्हीएसएम या चुंबकनमापकानुसार घनमीटरमागे सुमारे ३५० किलोॲम्पिअर-वर्गमीटर, म्हणजे मीटरमागे ३५० किलोॲम्पिअर), आणि लोहाची संहतीही सारखीच ठेवलेली. मार्गदर्शकांचे मत असे पडले की मोठे पुंजके फुटले असावेत, तेव्हा ते पुन्हा करावेत. सूक्ष्मदर्शकाखाली मला तरी ते फुटलेले दिसत नाहीत. एका शोधनिबंधात पुंजक्यांमुळे आर-२ वाढतो असे लिहिलेले असते, दुसऱ्यात घटतो असे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते हे कोणी समजावून सांगेल का? आर-१ का कोसळतो हेही कळले तर फार बरे होईल.

फिरता भोवरा यांचे उत्तर:

आपले पुंजके फुटलेले नाहीत. फुटले असते तर आकडे सुट्या कणांच्या किंवा लहान पुंजक्यांच्या दिशेने सरकले असते, आणि आर-१ ०.४ वर राहिला नसता. आपल्याकडे एकाच पदार्थाच्या तीन वेगवेगळ्या राजवटी आहेत, आणि त्या ओळखण्यासाठी दोनच राशी पुरतात.

पहिली राशी म्हणजे कणाच्या पृष्ठभागालगतच्या पाण्यातल्या प्रोटॉनची वारंवारता दूरच्या प्रोटॉनपेक्षा किती वेगळी असते, ती. तिला आपण डेल्टा-ओमेगा म्हणू. गोल कणासाठी ती फक्त चुंबकनावर अवलंबून असते, आकारावर नाही. निर्वाताची पारगम्यता गुणिले चुंबकन भागिले ३, आणि त्याला प्रोटॉनच्या जायरोमॅग्नेटिक गुणोत्तराने गुणायचे. आपल्या ३५० किलोॲम्पिअरसाठी हे उत्तर सेकंदाला सुमारे ३.९ कोटी रेडियन येते. दुसरी राशी म्हणजे पाण्याच्या रेणूला विसरणाने कणाइतके अंतर ओलांडायला लागणारा वेळ, टाउ-डी. त्रिज्येचा वर्ग भागिले विसरण-गुणांक. २५ अंशांना पाण्याचा गुणांक सेकंदाला २.३ गुणिले १०⁻⁹ वर्गमीटर धरला, तर १० नॅनोमीटरच्या कणासाठी हा वेळ ११ नॅनोसेकंद भरतो.

या दोहोंचा गुणाकार म्हणजे एका भेटीत प्रोटॉनची कला (फेज) किती रेडियनने बिघडते याचा अंदाज. सुट्या कणांसाठी तो ०.४३ येतो, अर्ध्या रेडियनहूनही कमी. पेटत्या चुलीवरून हात झर्रकन फिरवला तर चटका बसत नाही, तसाच हा प्रकार आहे: क्षेत्र प्रखर असते, पण रेणू तिथे थांबतच नाही, आणि वेगवेगळ्या कणांजवळ मिळालेले अधिक-उणे धक्के बव्हंशी एकमेकांना पुसून टाकतात. याला गतिजन्य सरासरीची राजवट म्हणतात. तिच्यात शिथिलीकरणाचा दर म्हणजे १६ भागिले ४५, गुणिले कणांचा आयतन-अंश, गुणिले टाउ-डी, गुणिले डेल्टा-ओमेगाचा वर्ग. एक मिलिमोल लोहाच्या मॅग्नेटाइटचा आयतन-अंश सुमारे १.५ गुणिले १०⁻⁵ असतो. आकडे घालून पाहा, ८९ येते. आपण ८८ मोजले आहे.

आता पुंजका. दूरच्या प्रोटॉनला पुंजक्यातले स्फटिक वेगळे दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने तो एकच मोठा, पण फिकट चुंबक असतो. पुंजक्याच्या आयतनात लोह-ऑक्साइडचा वाटा, समजा, १५ टक्के असेल, तर त्याचे सरासरी चुंबकनही १५ टक्केच, आणि डेल्टा-ओमेगा सेकंदाला सुमारे ५९ लाख रेडियनवर उतरते. मात्र टाउ-डी त्रिज्येच्या वर्गाने वाढतो: ४५ नॅनोमीटरच्या पुंजक्यासाठी तो २२० नॅनोसेकंद होतो. हिशोब पूर्ण केला की आर-२ हा आतल्या लोह-ऑक्साइडच्या अंशाच्या आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे निघते. आपल्या लहान पुंजक्यांना १५ टक्के लावले तर उत्तर २७० च्या आसपास येते. १५ टक्के हा आकडा मी २६८ जुळावा म्हणूनच निवडला, हे कबूल करतो. तो खरा आहे का हे आपल्यालाच मोजून सांगावे लागेल.

ही वाढ कायम चालू राहू शकत नाही. गुणाकार ३.४ च्या जवळ पोहोचला की एकाच भेटीत कला पुरती विस्कटते आणि सरासरीला वाव उरत नाही. येथे याब्लोन्स्की आणि हाके यांची १९९४ ची स्थिर विस्कळनाची राजवट सुरू होते. तिच्यात रेणू जागच्या जागी थिजले आहेत असे मानले तरी चालते, आणि दर म्हणजे १.२१ गुणिले आयतन-अंश गुणिले डेल्टा-ओमेगा. पुंजका विरळ केला की त्याचा आयतन-अंश वाढतो आणि डेल्टा-ओमेगा तेवढाच घटतो, म्हणून आतला १५ टक्क्यांचा अंश या सूत्रातून उडून जातो. उरते ती कमाल मर्यादा, आपल्या चुंबकनासाठी सुमारे ७००. पुंजका कसाही बांधा, दाट वा विरळ, या छताच्या वर जाता येत नाही. छत कुठे असावे हे स्फटिकाचे चुंबकन ठरवते. पुंजके करून आपण त्या छतापर्यंत शिडी लावतो इतकेच. आपल्या बांधणीत शिडी ७३ नॅनोमीटरच्या आसपास टेकेल.

मोठ्या पुंजक्यांचा गुणाकार १०० च्या वर जातो. सूत्राप्रमाणे ते छतावर असायला हवेत आणि टी-२-स्टार (जुळवून आणणाऱ्या स्पंदाविना मोजलेला टी-२) मोजला तर कदाचित असतीलही. पण आपण सीपीएमजी वापरला आहे. पुंजका एवढा मोठा झाला की त्याच्याभोवतीचे क्षेत्र दूरवर हळूहळू उतरते. दोन इकोंमधल्या ०.३ मिलिसेकंदांत रेणूला जाणवणारे क्षेत्र फारसे बदलत नाही, आणि १८० अंशांचा स्पंद विस्कटलेली कला पुन्हा जुळवून आणतो. म्हणजे जो परिणाम मोजायचा तोच आपला स्पंदक्रम पुसून टाकतो. गिलिस, मोइनी आणि ब्रुक्स यांनी २००२ मध्ये या आंशिक जुळणीचे प्रारूप मांडले. त्यानुसार आर-२ टाउ-डीच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि इकोंमधल्या अंतराच्या साधारण घनमुळाने वाढतो. आपल्या आकड्यांना ते लावले तर सुमारे २०० मिळते. आपण १७० मोजले.

तेव्हा दोन्ही शोधनिबंध आपापल्या जागी खरे आहेत. शिडीच्या पायथ्याशी असलेल्याला पुंजक्यांनी आर-२ वाढताना दिसतो, आणि छत ओलांडून पलीकडे उतरलेल्याला तो घटताना दिसतो. मला खटकते ते इतकेच, की कितीतरी लेखांत आर-२ चा आकडा छापलेला असतो आणि इकोंमधले अंतर मात्र कुठेच दिलेले नसते. मोठ्या पुंजक्यांच्या बाबतीत त्या अंतराविना आकड्याला अर्थ नाही.

आर-१ चे कारण वेगळे आहे. टी-१ शिथिलीकरणासाठी प्रोटॉनला त्याच्या स्वतःच्या लार्मर वारंवारतेवर, म्हणजे चुंबकात तो ज्या वारंवारतेने फिरतो तिच्यावर, हेलकावणारे क्षेत्र लागते. ६० मेगाहर्ट्झला ती वारंवारता गुणिले टाउ-डी सुट्या कणांसाठी ४ च्या आसपास, लहान पुंजक्यांसाठी ८० च्या वर आणि मोठ्यांसाठी साडेसहा हजार. प्रोटॉनला झोका देणाऱ्या हाताची लय जितकी संथ, तितका झोका कमी. त्यातच पुंजक्याच्या गाभ्यातल्या स्फटिकांपर्यंत पाणी पोहोचत नसेल, तर त्यांच्या पृष्ठभागाजवळची, सर्वांत परिणामकारक जागा वायाच जाते. शक्य असल्यास फील्ड-सायकलिंग रिलॅक्सोमीटरवर १० किलोहर्ट्झपासून वर आर-१ चा आलेख काढा. कमी क्षेत्रात चित्र इतके एकतर्फी राहत नाही, कारण तिथे प्रत्येक स्फटिकाच्या चुंबकनाची स्वतःची उलटापालट, म्हणजे नेएल शिथिलीकरण, जाणवू लागते.

एक छोटी तपासणी सुचवतो. इकोंमधले अंतर ०.३, ०.६ आणि १.२ मिलिसेकंद ठेवून तिन्ही नमुने मोजा. सुटे कण आणि लहान पुंजके जागचे हलायला नकोत. मोठ्यांचा आर-२ मात्र वाढायला हवा.

निळी शाई यांचे उत्तर:

भोवरा यांच्या विवेचनाला भौतिकशास्त्राच्या बाजूने मी काही जोडू शकत नाही, पण या सूत्रांत जे व्यास आणि जे अंश आपण घालतो ते येतात प्रयोगशाळेतून, आणि तिथे बरीच फसगत होते.

डीएलएसचा ८५ हा आकडा कुठल्याही सूत्रात घालू नका. त्यात पॉलिमरचे आवरण आणि त्याला चिकटून हलणारे पाणी धरलेले असते. शिवाय विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढत असल्यामुळे मूठभर मोठे पुंजके सरासरी वर ओढतात. व्यासाचा वर्ग होतो तिथे ४५ ऐवजी ८५ घातले, तर उत्तर साडेतीन पटींनी चुकते. याउलट सूक्ष्मदर्शकाखालचा ४५ हा वाळलेल्या, आक्रसलेल्या पुंजक्याचा व्यास आहे. पाण्यातला पुंजका त्याहून थोडा फुगलेला असणार, आणि किती फुगलेला ते पॉलिमरवर ठरते.

लोहाची संहती 'सारखीच ठेवलेली' असे आपण लिहिले आहे. ती घातलेल्या लोहावरून काढली की पचवून मोजली? पुंजके धुताना, गाळताना आणि चुंबकाने ओढून घेताना लोह हमखास वाया जाते. प्रत्येक नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळवून आयसीपीवर (मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणारे उपकरण), किंवा तेही नसेल तर फिनँथ्रोलिनच्या रंगक्रियेने, मोजल्याशिवाय रिलॅक्सिव्हिटीचा छेद विश्वासार्ह होत नाही. पॉलिमरमध्ये बंदिस्त मॅग्नेटाइट विरघळायला सुट्या कणांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. द्रावण पिवळे दिसले म्हणजे काम झाले असे समजू नये. मी स्वतः एकदा अर्धवट पचलेल्या नमुन्यावरून असा दांडगा आर-२ काढला होता की आठवडाभर प्रयोगशाळेत पेढ्यांची भाषा चालली होती.

१५ टक्क्यांचा प्रश्न टीजीएने, म्हणजे तापवत नेत वजनातला बदल मोजण्याने, सुटेल. पुंजके गोठवून वाळवा आणि हवेत जाळा. सेंद्रिय भाग गेल्यावर जे उरते ते मॅग्नेटाइट नसून हेमाटाइट असते, आणि ऑक्सिजन घेतल्यामुळे त्याचे वजन सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढलेले असते, ती दुरुस्ती विसरू नका. नायट्रोजनमध्ये जाळण्याचा मोह टाळा, कारण उच्च तापमानाला उरलेला कार्बन लोह-ऑक्साइडचे क्षपण करतो आणि वजनाचा अर्थच बिघडतो. मॅग्नेटाइटची घनता ५.१८ आणि पॉलिमरची १.१ च्या आसपास धरून वजनाचा अंश आयतनात बदलता येतो.

जुन्या बाजारी द्रव्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. फेरिडेक्स या नावाने अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले डेक्स्ट्रानचे आवरण असलेले द्रव्य मुळात पुंजक्यांचेच होते. स्फटिक सुमारे ५ नॅनोमीटरचे, आणि पाण्यातला एकूण व्यास १०० नॅनोमीटरच्या वर. तरी त्याचा आर-२ १०० च्या आसपासच होता. व्यास पाहून कोणी ५०० ची अपेक्षा केली असती. पण तो व्यास बहुतांशी फुगलेल्या डेक्स्ट्रानचा होता, लोहाचा नव्हे.

गंजका खिळा यांचे उत्तर:

दोघांचेही मनापासून आभार. सुचवलेल्या गोष्टी गेल्या दहा दिवसांत केल्या.

लोह पुन्हा पचवून मोजले. लहान पुंजक्यांचा आकडा जवळपास तोच राहिला. मोठ्यांच्या संहतीत किरकोळ फरक निघाला, पण त्याने १७० चे चित्र बदलत नाही. टीजीएमध्ये लहान पुंजक्यांचे ४६ टक्के वजन उरले. हेमाटाइटची दुरुस्ती करून आयतनात बदलल्यावर लोह-ऑक्साइडचा अंश साडेचौदा टक्के आला. भोवरा यांनी जुळवून घेतलेला १५ इतक्या जवळ निघेल असे वाटले नव्हते.

इकोंमधले अंतर बदलल्यावर सुटे कण आणि लहान पुंजके मापनत्रुटीच्या आत जागचे हलले नाहीत. मोठ्यांचा आर-२ मात्र ०.३, ०.६ आणि १.२ मिलिसेकंदांना अनुक्रमे १७०, २१२ आणि २६३ आला. अंतर चौपट झाले आणि आर-२ साधारण दीडपट; चारचे घनमूळ १.५९ असते हे मी गणकयंत्रावर दोनदा तपासले.

पण एक नवी अडचण उभी राहिली. मोठ्या पुंजक्यांची नळी (लोह लिटरमागे ०.१ मिलिमोल) चुंबकात ठेवून लगेच मोजली तर टी-२ ५८ मिलिसेकंद येतो, तीच नळी वीस मिनिटे आत राहू दिली तर ७१. बाहेर काढून हलवली की परत ६०. हे पुंजके तळाशी बसल्यामुळे होत असेल का?

फिरता भोवरा यांचे उत्तर:

साडेचौदाचा आनंद जरा बेतानेच घ्या. निळी शाई यांनी म्हटल्याप्रमाणे ४५ नॅनोमीटर हा वाळलेल्या पुंजक्याचा व्यास आहे. ओला पुंजका फुगला की अंश घटतो आणि व्यास वाढतो. या दोन चुका परस्परविरुद्ध दिशेने ओढतात, म्हणून उत्तर प्रत्यक्षाहून अधिक सुबक दिसते.

तळाशी बसण्याबद्दल: आपल्या मोठ्या पुंजक्याचा स्टोक्सच्या नियमाने काढलेला पडण्याचा वेग तासाला जेमतेम पाव मिलिमीटर आहे. वीस मिनिटांत तो नळीच्या भिंतीवरच्या मार्करच्या रेघेइतकाही खाली येणार नाही. कारण चुंबक हेच आहे. १.४१ टेस्लामध्ये सगळे पुंजके एकाच दिशेने चुंबकित होतात, आणि शेजारच्या दोन पुंजक्यांमधली द्विध्रुवी ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या किती पट आहे हे पाहायचे. आवरणाला आवरण टेकले आहे असे धरून, सुट्या कणांसाठी हे गुणोत्तर निम्म्याच्या आसपास येते आणि लहान पुंजक्यांसाठी पाव. म्हणजे उष्णता त्यांना सहज विलग ठेवते. मोठ्यांसाठी ते सहाशेच्या वर जाते. अशा पुंजक्यांच्या क्षेत्राच्या दिशेने माळा होणे अटळ आहे. माळा झाल्या की आधीच मोठी असलेली वस्तू आणखी मोठी होते आणि आंशिक जुळणीच्या राजवटीत आर-२ आणखी घसरतो, म्हणून टी-२ लांबतो. क्षेत्र काढले की पुंजक्यांचे चुंबकत्व नाहीसे होते, कारण आतले स्फटिक सुपरपॅरामॅग्नेटिक आहेत. नळी हलवली की माळा तुटतात. पुंजके पक्के चिकटले असते तर टी-२ ६० वर परत आला नसता.

एकाच घटनेचे दोन उलटे परिणाम निदानात वापरले गेले आहेत, हे आपल्याला आवडेल. पेरेझ, जोसेफसन, वाइसलेडर आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'चुंबकीय शिथिलीकरण-कळ' मांडली: लहान कणांवर असे रेणू लावायचे की लक्ष्य रेणू आला की ते एकत्र येतील, एकत्र आले की टी-२ कमी होतो. पुढे मायक्रोमीटरच्या आकाराचे कण वापरून हाच प्रयोग झाला तेव्हा एकत्र येण्याने टी-२ वाढला. आपल्या पहिल्या प्रश्नातला विरोधाभास तिथे उपकरण झाला.

मोजमापासाठी सल्ला: मोठ्या पुंजक्यांची नळी बाहेर हलवा, आत सरकवताच घड्याळ लावा, आणि दर मिनिटाला टी-२ घेऊन आलेख शून्य वेळेकडे मागे न्या. शोधनिबंधात तो शून्य वेळेचा आकडा द्या आणि आलेखही द्या.

काळी फिल्म यांचे उत्तर:

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सूत्रांत माझी गती नाही, पण ही चर्चा वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपण परीक्षानळीत पुंजके मुद्दाम करता, आणि शरीर ते आपोआप करते.

लोह-ऑक्साइडचे कण शिरेतून दिले की त्यांतले बरेचसे यकृतातल्या कुप्फर पेशी गिळतात. पेशीच्या आत ते एंडोसोम आणि लायसोसोमच्या पिशव्यांत दाटीवाटीने कोंबले जातात. निरोगी यकृत म्हणून काळे पडते, आणि जिथे कुप्फर पेशी नाहीत तो मेटास्टेसिसचा, म्हणजे दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचा, भाग उजळ राहतो. फेरिडेक्स आणि त्याच जातीच्या रेझोव्हिस्टचा सारा उपयोग यावरच होता. आता भोवरा यांच्या हिशोबाने ही पिशवी म्हणजे एक भलामोठा पुंजका झाली. नळीत मोजलेला आर-१ तिथे उरत नाही, स्पिन-इको चित्रात काळेपणा अपेक्षेहून कमी भरतो, आणि ग्रेडियंट-इको चित्र मात्र काळेकुट्ट येते, कारण त्यात जुळवून आणणारा १८० अंशांचा स्पंदच नसतो. म्हणून आम्ही यकृताच्या अशा तपासणीत टी-२-स्टारवर भर देत असू. याचे कारण मला शिकवताना कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

थॅलेसेमियाच्या मुलांत रक्त भरून भरून हृदयात साठलेले लोह आम्ही आजही याच टी-२-स्टारवर मोजतो, आणि १.५ टेस्लावर तो २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की सावध होतो. ते लोह फेरिटिन आणि हिमोसिडेरिनमधले, मॅग्नेटाइटचे नव्हे, आणि त्याचे चुंबकत्व कितीतरी क्षीण असते. तेव्हा आपली सूत्रे जशीच्या तशी तिथे लावू नयेत.

आपला हेतू एमआरआयचा आहे म्हणून विचारतो: पेशीत गेल्यावर सुटे कणही पुंजके होणारच असतील, तर आधी पुंजके करून देण्याचा लाभ रक्तात फिरण्याच्या काळापुरताच राहत नाही का? फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या कणांचे औषध २००९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या पांडुरोगासाठी मान्य झाले, आणि तिथले रेडिओलॉजिस्ट ते रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठी वापरतात ते त्याच्या आर-१ साठी, आर-२ साठी नव्हे. अर्थात २०१५ पासून त्यावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा आहे, हेही ध्यानात असावे.

गंजका खिळा यांचे उत्तर:

डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न थेट माझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेवर येऊन आदळला आहे. सुटे कण, लहान पुंजके आणि मोठे पुंजके एकाच पेशीप्रकाराला देऊन पेशींच्या गोळीचा आर-१, आर-२ आणि आर-२-स्टार मोजावा असे ठरवतो आहे. पेशीत गेल्यावर सुट्या कणांचे आणि लहान पुंजक्यांचे आकडे एकमेकांजवळ आले, तर आपली शंका खरी मानावी लागेल.

दरम्यान सूत्रे पाहताना एक तपासणी सुचली आणि ती करून पाहिली. गतिजन्य सरासरीत आर-२ विसरण-गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि आंशिक जुळणीत समप्रमाणात. ३७ अंशांना पाण्याचा गुणांक ३.० गुणिले १०⁻⁹ होतो, म्हणजे तापमान वाढवले की लहान पुंजक्यांचा आर-२ घटायला हवा आणि मोठ्यांचा वाढायला हवा. लहानांचा २६८ वरून २०९ वर आला. मोठ्यांचा, नळी हलवून शून्य वेळेला नेलेला आणि ०.३ मिलिसेकंद अंतराचा, १७० वरून २१४ वर गेला.

मोठे पुंजके पुन्हा करण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी सोडला आहे. कोष्टकात आता तापमान, इकोंमधले अंतर आणि चुंबकात घालवलेला वेळ असे तीन रकाने वाढले आहेत, आणि ते आडव्या पानावरही मावत नाही.